विद्युत् व अवकाश अभियांत्रिकीतील भारतीय स्त्रिया : प्रवेशाकडून अधिकाराकडे

सारांश

भारतात विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविणारी पहिली स्त्री १९४० मध्ये महाविद्यालयात दाखल झाली. २०२३ मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी निघालेल्या आदित्य-एल१ या यानाच्या प्रकल्प संचालक एक स्त्री-अभियंता होत्या. या त्र्याऐंशी वर्षांच्या वाटचालीचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. आरंभीच्या काळात कुटुंबाच्या आधारावर अवलंबून असलेली ही वाट संस्था, वसतिगृहे व निश्चित पदे यांच्यामुळे हळूहळू सार्वजनिक होत गेली, असे येथे प्रतिपादन केले आहे. महाराष्ट्रातील, विशेषतः पुण्यातील संस्थांचे या वाटचालीतील स्थान आणि खानदेशासारख्या ग्रामीण विभागाच्या दृष्टीने तिचा अर्थ यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्त्रीशिक्षण, विद्युत् अभियांत्रिकी, अवकाश संशोधन, उपकरणशास्त्र, नेतृत्व.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा, अध्यापन आणि वैद्यक या तीन क्षेत्रांचा विचार प्रामुख्याने होतो. सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, महर्षी कर्वे ही नावे त्या इतिहासात अपरिहार्य आहेत. तंत्रशिक्षणाचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे. याचे एक कारण असे की, शिक्षिका व डॉक्टर या दोन्ही भूमिकांना स्त्रियांसाठी स्त्रियांची सेवा असा सामाजिक आधार होता. मुलींना शिकविण्यासाठी शिक्षिका हवी आणि पडद्यातील स्त्रीला तपासण्यासाठी स्त्री-डॉक्टर हवी, हे समाजाला पटविता येत होते. विद्युत् जनित्र, पारेषण वाहिनी किंवा अग्निबाण यांच्या बाबतीत असे समर्थन उपलब्ध नव्हते. या क्षेत्रात स्त्रीला केवळ तिच्या क्षमतेच्या बळावर स्थान मागावे लागले. त्यामुळे समाजाने स्त्रीची बौद्धिक क्षमता कोणत्या अटींवर मान्य केली, याची कसोटी म्हणूनही या क्षेत्राकडे पाहता येते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) विद्युत् व अवकाश अभियांत्रिकीतील भारतीय स्त्रियांच्या वाटचालीचे टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर त्यांना मिळालेल्या आधाराचे स्वरूप तपासणे.
३) प्रवेश, पद आणि अधिकार यांतील भेद स्पष्ट करणे.
४) खानदेशातील उच्च शिक्षणाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित चरित्रपर व संस्थाविषयक माहितीचा आधार घेतला आहे. अण्वस्त्रे, संगणक व स्थापत्य ही क्षेत्रे अभ्यासकक्षेबाहेर ठेवली आहेत. केवळ तुलनेपुरता त्यांचा उल्लेख येतो.

३. जागतिक पार्श्वभूमी

स्त्रियांना विद्युत् अभियांत्रिकीत सहजासहजी स्थान मिळाले नाही, ही गोष्ट केवळ भारतापुरती मर्यादित नव्हती. इंग्लंडमध्ये हर्था आयर्टन यांनी आर्क दिव्यातून येणाऱ्या फुसफुस आवाजाचे कारण शोधून काढले आणि १८९९ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध स्वतः वाचला. त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्य झाल्या. तथापि १९०२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व नाकारले. विवाहित स्त्री सदस्य होऊ शकत नाही, असे कारण देण्यात आले. अमेरिकेत एडिथ क्लार्क यांनी १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतून विद्युत् अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळविली. ही पदवी मिळविणाऱ्या त्या तेथील पहिल्या स्त्री होत. तरीही आरंभी त्यांना अभियंता म्हणून काम मिळाले नाही. त्रिकला (थ्री-फेज) विद्युत् प्रणालींच्या गणितासाठी त्यांनी मांडलेली रूपांतरपद्धती आजही त्यांच्या नावाने शिकविली जाते. १९१९ मध्येच लंडन येथे स्त्री-अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. सारांश, पाश्चात्त्य देशांतही ज्ञान प्रथम मान्य झाले आणि पद त्यामागून, बऱ्याच विलंबाने आले.

४. अ. ललिता : कौटुंबिक आधाराचा टप्पा

भारतातील पहिल्या स्त्री विद्युत् अभियंता अ. ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रास येथे झाला. पंधराव्या वर्षी विवाह, अठराव्या वर्षी वैधव्य आणि पदरात चार महिन्यांची मुलगी, अशी त्यांची १९३७ मधील स्थिती होती. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला कोणते जीवन येई, हे मराठी वाचकांस वेगळे सांगावयास नको. १८९६ मध्ये महर्षी कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तो याच प्रश्नाच्या निराकरणासाठी.

ललिता यांचे वडील पप्पू सुब्बाराव हे मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षणात रात्री-अपरात्री बाहेर राहावे लागेल आणि मुलीकडे दुर्लक्ष होईल, या विचाराने ललिता यांनी अभियांत्रिकीची निवड केली. वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला आणि १९४० मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. शेकडो मुलांमध्ये एकटी मुलगी ही स्थिती फार काळ राहू नये म्हणून महाविद्यालयाने इतर मुलींनाही प्रवेश खुला केला. पुढील वर्षी लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. ललिता यांना दिलेल्या प्रमाणपत्रावर छापलेला पुरुषवाचक शब्द खोडून तेथे हाताने स्त्रीवाचक शब्द लिहावा लागला. शिक्षणव्यवस्थेने स्त्री-अभियंत्याची कल्पनाही केलेली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण आहे.

जमालपूर येथील रेल्वे कार्यशाळेत उमेदवारी पूर्ण करून त्यांनी सिमला येथे केंद्रीय मानक संस्थेत काम केले. १९४८ मध्ये त्या कलकत्त्यास असोशिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत रुजू झाल्या. पारेषण वाहिन्यांचे आराखडे, उपकेंद्रांची मांडणी व संरक्षक यंत्रणा हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. स्वतंत्र भारताच्या उभारणीतील महत्त्वाच्या भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत् कामातही त्यांचा सहभाग होता. १९५३ मध्ये लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सहसदस्यत्व दिले, तर १९६६ मध्ये त्या पूर्ण सदस्य झाल्या. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्त्री-अभियंते व शास्त्रज्ञ यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या उपस्थित होत्या. परंतु भारतात अशी संस्थाच नसल्याने त्यांना वैयक्तिक नात्याने जावे लागले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चरित्रातील प्रत्येक वळणावर कुटुंबातील एखादी व्यक्ती उभी असल्याचे दिसते. वडिलांमुळे प्रवेश मिळाला. सिमला व कलकत्ता येथे भावांची घरे असल्याने तेथे नोकरी करता आली. नातलग स्त्रियांनी मुलीचा सांभाळ केला. ललिता यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तथापि ज्या मुलीचे वडील प्राध्यापक नाहीत, तिला ही वाट जशीच्या तशी चालता आली नसती.

५. राजेश्वरी चटर्जी : अध्यापन व संशोधन

दुसरा टप्पा शिष्यवृत्तीचा होय. राजेश्वरी चटर्जी यांचा जन्म १९२२ मध्ये म्हैसूर संस्थानात झाला. गणिताची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या. सरकारी शिष्यवृत्तीवर १९४७ मध्ये त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि विद्युत् अभियांत्रिकीत पीएच.डी. मिळवून १९५३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक म्हणून परतल्या. सूक्ष्मतरंग व अँटेना हा त्यांचा विषय होता. रडार, विमान व उपग्रह या तिन्ही ठिकाणी संदेश पाठविणे अथवा ग्रहण करणे हे काम अँटेनावरच अवलंबून असते. पुढे त्या विद्युत् संदेशवहन विभागाच्या प्रमुख झाल्या. १९८२ मध्ये त्या निवृत्त झाल्या व २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

येथे आधाराचे स्वरूप बदललेले दिसते. त्यांची आजी म्हैसूर संस्थानातील आरंभीच्या स्त्री-पदवीधरांपैकी होती, म्हणजे घरचा पाठिंबा होताच. परंतु परदेशी शिक्षणाचा खर्च शासनाने केला आणि परतल्यावर संस्थेत पद मिळाले. अध्यापक म्हणून त्यांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांमुळे हे ज्ञान एका व्यक्तीपुरते मर्यादित राहिले नाही.

६. ॲना मणी आणि पुण्याची वेधशाळा

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे नाव ॲना मणी यांचे आहे. २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे जन्मलेल्या मणी शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ होत्या. मात्र त्यांचे आयुष्यभराचे काम उपकरण अभियांत्रिकीचे होते. बंगळूर येथे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणिक यांच्या वर्णपटांवर संशोधन केले, पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. ती त्यांना पुढेही कधी मिळाली नाही. पदवी हीच विद्वत्तेची एकमेव खूण मानणाऱ्या कोणत्याही शिक्षणव्यवस्थेने हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी शासकीय शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. तेथे हवामान उपकरणशास्त्राची शिष्यवृत्ती उपलब्ध होती, म्हणून त्यांनी तो विषय घेतला. १९४८ मध्ये त्या भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात रुजू झाल्या. शिवाजीनगर भागातील ज्या इमारतीमुळे तेथील चौकास आजही सिमला ऑफिस असे नाव आहे, ती हीच वेधशाळा. स्वातंत्र्यापूर्वी साधी तापमापके व वायुदाबमापकेही बहुतांशी परदेशातून आणावी लागत. ती देशातच तयार करण्याचे काम या विभागाने हाती घेतले. १९५३ मध्ये मणी विभागप्रमुख झाल्या. तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. सुमारे शंभर प्रकारच्या हवामान उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, ही त्यांची भूमिका होती. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि पुढे वातावरणातील ओझोन मोजणारे उपकरण देशातच विकसित केले.

भारतीय अवकाश कार्यक्रमाशी त्यांचा संबंध येथेच येतो. डॉ. विक्रम साराभाई यांच्या सूचनेवरून त्यांनी केरळातील थुंबा येथे हवामान वेधशाळा व उपकरणांचा मनोरा उभारला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण सोडण्यात आला. आरंभीचे हे अग्निबाण एकदा सुटल्यावर त्यांना दिशा देणारी यंत्रणा त्यांच्यात नसे. त्यामुळे निरनिराळ्या उंचीवर वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहतो, हे मोजूनच प्रक्षेपकाचा कोन ठरवावा लागे. वाऱ्याच्या मोजणीत चूक झाली तर अग्निबाण नियोजित क्षेत्राबाहेर पडण्याचा धोका असे. म्हणजेच भारतीय अवकाशयुगाच्या पहिल्या दिवसापासून त्याच्या पायाभूत कामात एका स्त्रीचा वाटा होता. परंतु अग्निबाणाच्या छायाचित्रात मनोरा बहुधा दिसत नाही, आणि मनोरा उभारणारी तर नाहीच.

१९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतातील सौर प्रारणाविषयी दोन मोठे ग्रंथ सिद्ध केले. डी. ए. मुळे यांच्यासमवेत त्यांनी संकलित केलेला भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. सौर संच अथवा पवनचक्की उभारणाऱ्या अभियंत्यास प्रथम ही आकडेवारी लागते. २००१ मध्ये मणी यांचे निधन झाले. पदाच्या दृष्टीने पाहता, त्यांना केवळ प्रवेश मिळाला नव्हता. एका विभागाचा कारभार, माणसे आणि मानके ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता.

७. महाराष्ट्रातील उद्योग व शिक्षणसंस्था

शासकीय संस्थांत असा अधिकार मिळत असताना खाजगी उद्योगांत मात्र दारे बंदच होती. सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी हुबळी येथे विद्युत् अभियांत्रिकीची पदवी व बंगळूर येथे पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९७४ मध्ये टेल्को कंपनीची जाहिरात त्यांच्या वाचनात आली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, अशी सूचना तीत होती. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या अन्यायाबद्दल विचारणा केली. परिणामी त्यांना पुण्यात मुलाखतीस बोलावण्यात आले व नोकरी मिळाली. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहिली असून ती सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ दुहेरी आहे. एका पत्राने दार उघडले, हे खरे. परंतु १९७४ पर्यंत ते दार उघडपणे, छापील शब्दांत बंद होते, हेही तितकेच खरे.

यानंतरचा निर्णायक बदल शिक्षणसंस्थांनी घडविला. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. १९९७ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने मुंबईत उषा मित्तल तंत्रसंस्था स्थापन केली. विधवांच्या आश्रयासाठी सुरू झालेल्या कार्यातून पंचाण्णव वर्षांनी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहावे, हा केवळ योगायोग नव्हे. कर्वे यांनी स्त्रीला आधी निवारा, मग शिक्षण आणि मग उपजीविका या क्रमाने विचार केला होता. ललिता यांना वडिलांच्या व भावांच्या घराने जे दिले, तेच वसतिगृह व महाविद्यालय यांच्या रूपाने संस्थेने अनेकींना दिले. पुण्यातील आयुध तंत्रज्ञान संस्थेचेही येथे स्मरण होते. त्रिशूरच्या शासकीय महाविद्यालयातून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या टेसी थॉमस यांनी या संस्थेत मार्गदर्शित क्षेपणास्त्रांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. १९८८ मध्ये त्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेत दाखल झाल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये अग्नी-४ ची यशस्वी चाचणी झाली, तेव्हा प्रकल्प संचालक त्याच होत्या.

८. प्रकल्प संचालक : नेतृत्वाचा टप्पा

भारतीय अवकाश संशोधन संघटनेत, म्हणजे इस्रोत, काम प्रकल्पनिहाय चालते. प्रत्येक उपग्रहास प्रकल्प संचालक नेमलेला असतो. आराखडा, चाचण्या, वेळापत्रक व खर्च यांचे उत्तरदायित्व त्याच्यावर असते. या रचनेमुळे कामाचा धनी कोण, हे स्पष्ट राहते.

इलेक्ट्रॉनिक्स अभियंता टी. के. अनुराधा १९८२ मध्ये इस्रोत आल्या. १५ जुलै २०११ रोजी प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-१२ या दळणवळण उपग्रहाच्या त्या प्रकल्प संचालक होत्या. सुमारे १,४१० किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह प्रक्षेपकाने लंबवर्तुळाकार कक्षेत सोडला. तेथून त्याला सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत नेण्यासाठी हासन येथील नियंत्रण केंद्रातून त्याचे इंजिन टप्प्याटप्प्याने प्रज्वलित करावे लागले. ही जबाबदारीही मुख्यत्वे स्त्री-अधिकाऱ्यांनीच पार पाडली. एप्रिल २०१२ मध्ये रिसॅट-१ चे प्रक्षेपण झाले. त्याच्या प्रकल्प संचालक एन. वलरमती होत्या. सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने ढगांतून व रात्रीही भूपृष्ठाची प्रतिमा घेणारा देशी बनावटीचा हा पहिला उपग्रह असल्याने पावसाळ्यातील पिकांच्या पाहणीस त्याचा उपयोग झाला. राजेश्वरी चटर्जी ज्या शास्त्राचे अध्यापन करीत, त्याच शास्त्राचे हे उपयोजन होते.

सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचले, तेव्हा आनंद व्यक्त करणाऱ्या साडीधारी स्त्रियांचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. त्या स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी असल्याचा खुलासा नंतर इस्रोने केला. रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ, मीनल रोहित, मौमिता दत्ता या अभियंता व शास्त्रज्ञ स्त्रिया मोहिमेच्या प्रत्यक्ष कामात होत्या. छायाचित्र हा दृश्यतेचा पुरावा असतो, अधिकाराचा नव्हे. हा भेद अभ्यासकाने विसरता कामा नये.

जुलै २०१९ मधील चांद्रयान-२ मोहिमेत एम. वनिता प्रकल्प संचालक, तर रितू करिधाल मोहीम संचालक होत्या. या मोहिमेतील अवतरक चंद्रावर सुखरूप उतरू शकला नाही. परिभ्रमक मात्र कार्यरत राहिला आणि त्याने घेतलेल्या सूक्ष्म प्रतिमांचा उपयोग पुढील मोहिमेत अवतरणाची जागा निवडण्यासाठी झाला. यशाबरोबर अपयशाचेही उत्तर देण्याची जबाबदारी येणे, हेच खऱ्या अधिकाराचे लक्षण होय. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले, तेव्हा कल्पना कालहस्ती सहयोगी प्रकल्प संचालक होत्या. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ चे प्रकल्प संचालन निगार शाजी यांच्याकडे होते. तिरुनेलवेलीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या त्या पदवीधर. थॉमस व शाजी या दोघींनीही महानगराबाहेरील शासकीय महाविद्यालयांत पदवी घेतली, ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

तथापि चित्राची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. १९६९ मधील स्थापनेपासून २०२५ पर्यंत इस्रोच्या अध्यक्षपदी एकही स्त्री आलेली नाही. प्रकल्पाचे नेतृत्व मिळाले. संघटनेच्या सर्वोच्च नेतृत्वाचा टप्पा अद्याप गाठावयाचा आहे.

९. खानदेशचा संदर्भ

खानदेश या इतिहासाच्या बाहेर नाही. भुसावळजवळील दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या आहेत, आणि त्याच तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. ॲना मणी यांनी आयुष्यभर ज्या ऊन व वाऱ्याची मोजदाद केली, त्यांचेच विजेत रूपांतर या भागात होत आहे.

शिक्षणसुविधा मात्र येथे उशिराच आल्या. १९८० च्या दशकात फैजपूर व धुळे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९६ मध्ये तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावातील मुलीस अभियंता व्हावयाचे असल्यास औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, अथवा पुणे-मुंबई गाठावे लागे. शेतकरी कुटुंबात मुलीला इतक्या दूर ठेवण्याचा निर्णय तिच्या गुणवत्तेपेक्षा तेथे राहण्याच्या सोयीवर ठरत असे. विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळविलेल्या मुलीचे शिक्षण जवळच्या महाविद्यालयात जी शाखा असेल तेथे थांबावे, हे दृश्य ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना अपरिचित नाही.

धोरणात्मक पातळीवर काही पावले पडली आहेत. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. भारतीय तंत्रज्ञान संस्थांनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. शुल्काचा प्रश्न यामुळे सौम्य झाला असला, तरी वसतिगृह, प्रवास आणि पदवीनंतरची नोकरी हे प्रश्न त्याने आपोआप सुटत नाहीत.

१०. निष्कर्ष

१) विद्युत् व अवकाश अभियांत्रिकीतील भारतीय स्त्रियांच्या वाटचालीत कौटुंबिक आधार, शासकीय शिष्यवृत्ती, स्त्रियांसाठीच्या संस्था आणि प्रकल्पाचे नेतृत्व असे चार टप्पे दिसून येतात. हे टप्पे काही अंशी एकमेकांत मिसळलेले आहेत.

२) प्रवेश, पद व अधिकार या तीन भिन्न गोष्टी आहेत. ललिता यांना प्रवेश मिळाला तेव्हा व्यवस्था त्यांच्यासाठी तयार नव्हती. मणी यांना पदवी नाकारली गेली, तरी अधिकार मिळाला. २०११ नंतरच्या पिढीला अधिकारासह उत्तरदायित्वही लाभले.

३) जबाबदारी नावानिशी सोपविणाऱ्या संस्थांत स्त्रियांचे नेतृत्व लवकर दिसून आले.

४) वैयक्तिक आधारावर घडलेले कर्तृत्व वंदनीय असले, तरी त्याची पुनरावृत्ती होईलच असे नाही. संस्थात्मक आधाराची पुनरावृत्ती करता येते.

शेवटचा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९४० मध्ये एका प्राध्यापकाने आपल्या मुलीसाठी प्राचार्यांकडे शब्द टाकला. पहूर परिसरातील बहुतांश विद्यार्थिनींच्या घरी असा शब्द टाकणारे कोणी नाही. ते काम महाविद्यालयाने करावयाचे आहे : बारावीनंतरच्या प्रवेशप्रक्रियेची वेळेवर माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाची चौकशी आणि पालकांशी प्रत्यक्ष संवाद या स्वरूपात. स्त्री-अभियंत्यांच्या इतिहासाचे वाचन या कृतीपर्यंत पोचले, तरच ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.